ताटातली मासळी आणि पाड्यावरचे नवे आजार



नाताळाच्या आधी एका मंडळीतील बंधूंचा मला फोन आला. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हृदयासाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या आहेत. त्यांनी विचारले, "ताई, पाड्यावरच्या मोठ्या माणसांनाही आता बीपी आणि लकव्याचा त्रास होतो असे तुम्ही मागच्या अंकात लिहिले होते. मग त्यांच्यासाठी या कॅप्सूलचे चाळीस-पन्नास डबे पाठवू का?"

प्रश्न प्रेमाने विचारलेला होता, म्हणून घाईने उत्तर द्यावेसे वाटले नाही. आमच्या आरोग्य शिबिराला येणाऱ्या डॉक्टरांशी मी बोलले, थोडे वाचले आणि पाड्यावरच्या बहिणींशीही बोलले. त्यातून जे समजले ते त्या बंधूंना कळवले. इतरांच्याही मनात हा प्रश्न असेल, म्हणून ते सविस्तर येथे लिहीत आहे.

पाड्यावर काय दिसते

जव्हार-मोखाड्याच्या भागात आपले काम सुरू झाले तेव्हा आजार म्हटले की कुपोषित बालके, हिवताप, क्षय आणि बाळंतपणातले मृत्यू एवढेच डोळ्यांपुढे यायचे. ती दुःखे अजून संपलेली नाहीत. पण त्यांच्याबरोबर आता दुसरी रांग उभी राहिली आहे. चाळिशीतले पुरुष आणि पन्नाशीच्या बाया डोके गरगरते, छातीत धडधडते, हाताला मुंग्या येतात असे सांगत येतात. यंत्र लावले की वरचा आकडा १६०, १७०, कधी त्याहून वर.

गेल्या वर्षी वीटभट्टीवरून परतलेला एक भाऊ पहाटे उठताना पडला. वय सेहेचाळीस. तोंड वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता, बोलणे समजत नव्हते. घरच्यांना वाटले बाहेरचे काही लागले असेल. एक दिवस त्यातच गेला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत जे औषध पहिल्या साडेचार तासांत देता आले असते त्याची वेळ निघून गेली होती. आज तो काठी घेऊन अंगणापर्यंत चालतो. त्याच्या रक्तदाबाचे मोजमाप आयुष्यात पहिल्यांदा झाले ते त्या दिवशी.

हा एकट्याचा प्रसंग नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आदिवासींच्या आरोग्याविषयी २०१८ साली सरकारला अहवाल दिला. देशात दर चार आदिवासी प्रौढांपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे, असे त्यात नोंदवले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत 'सर्च' या संस्थेने केलेल्या अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हे आढळले. सातांपैकी एक मृत्यू त्याने झालेला होता. बीपी, मधुमेह, हृदयविकार हे शहरातल्या खात्यापित्या माणसाचे आजार, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे.

मासळी ताटातून कशी गेली

पाड्यावरच्या एका वयस्क मावशींना मी विचारले, तुमच्या लहानपणी मासळी किती वेळा असायची? त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, मासळी आम्ही नाय सोडली. मासळीनं आम्हाला सोडलं."

त्यांनी सांगितले ते असे. पावसाचे पहिले पाणी ओढ्याला आले की मासे वर चढायचे. त्याला वलगण म्हणतात. त्या दिवसांत सगळा पाडा पाण्यावर. शेतात भात लावताना मुठे आणि खेकडे मिळायचे. उन्हाळ्यात डोहात पाग टाकून लहान मासे, शिंगटी धरायची. मोठी मासळी नव्हती, पण मूठभर का होईना, आठवड्यातून तीन-चार दिवस कालवणाला काहीतरी असायचे. आणि पावसाळ्याआधी आठवडी बाजारात किनाऱ्यावरून आलेल्या कोळणींकडून सुकट, बोंबील घेऊन ठेवायचे. आगोटीच्या खरेदीत मीठ-मिरचीबरोबर सुकट असायचीच.

आता ओढे लवकर आटतात. जागोजागी बांध घातल्याने मासे वर चढू शकत नाहीत. वलगणीला अंड्यावर आलेली मासळीच धरली गेल्याने पुढच्या वर्षी ती कमी झाली, हेही मावशींनी मोकळेपणाने मान्य केले. शेतात कीटकनाशके आल्यावर मुठे गेले. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो. तेथे जेवण म्हणजे भात, पातळ डाळ आणि तिखट-मिठाचा ठेचा. संध्याकाळी थकून आल्यावर पाच-दहा रुपयांची फरसाणाची किंवा वेफर्सची पुडी. मासळी गेली आणि तिच्या जागी मीठ व तळलेले तेल आले.

म्हणून मासळीविषयी बोलताना आपण त्यांना नवे काही शिकवत नाही. त्यांच्या ताटात जे होते त्याचा उपयोग काय होता, एवढेच आपण समजून घेत आहोत.

मासळी शरीरात काय करते

आपल्या शरीराला काही स्निग्ध पदार्थ बाहेरून घ्यावे लागतात. त्यांतील ओमेगा-३ नावाचा गट महत्त्वाचा आहे. जवस, अक्रोड यांतही ओमेगा-३ असते, पण ते वेगळ्या प्रकारचे. शरीराला हृदयासाठी आणि मेंदूसाठी जे दोन प्रकार लागतात, ईपीए आणि डीएचए, ते वनस्पतीतल्या तेलापासून शरीर फारच थोडे बनवू शकते. मासळीत ते तयार मिळतात. मासा ते स्वतः फारसे बनवत नाही. पाण्यातले सूक्ष्म शेवाळ ते बनवते, लहान जीव शेवाळ खातात, मासे त्या जीवांना खातात आणि त्या मार्गाने ते आपल्यापर्यंत येते.

या मेदाम्लांमुळे रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी होते. रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती थोडी कमी होते. रक्तदाबही थोडासा उतरतो. 'थोडासा' हा शब्द लक्षात ठेवावा. बीपीच्या गोळीचे काम मासळी करू शकत नाही.

याशिवाय मासळीत चांगल्या प्रतीची प्रथिने आहेत. समुद्राच्या मासळीत आयोडीन आहे. तेलकट मासळीत ड जीवनसत्त्व आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज अन्नातून मिळते आणि मासळी हा त्याचा उत्तम साठा आहे. काट्यासकट खाल्लेल्या लहान माशांतून आणि सालासकट खाल्लेल्या जवळ्यातून कॅल्शियम मिळते. भातावर भात खाऊन पोट भरणाऱ्या माणसाला या सगळ्याची उणीव असते.

अभ्यास काय सांगतात

१९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी ग्रीनलँडच्या इन्युइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला. हे लोक सील आणि मासळी भरपूर खात, म्हणजे चरबीही भरपूर, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी असल्याचे सांगितले जात होते. तेथून ओमेगा-३ ची चर्चा सुरू झाली. पुढे या निरीक्षणावर शंकाही घेतल्या गेल्या, कारण तेथील मृत्यूंच्या नोंदी अपुऱ्या होत्या. पण प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर शोधणे सुरू झाले.

१९८९ साली ब्रिटनमधील वेल्स येथे झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी काहींना आठवड्यातून दोनदा तेलकट मासळी खाण्याचा सल्ला दिला होता. दोन वर्षांत त्या गटात मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. हे वाचून आपल्याला आनंद होतो. पण त्याच संशोधकांनी नंतर छातीत कळ येणाऱ्या, म्हणजे अँजायनाच्या रुग्णांवर तसाच अभ्यास केला, तेव्हा असा फायदा दिसला नाही. दोन्ही गोष्टी सांगणे आपले कर्तव्य आहे.

२०२१ साली ५८ देशांतील १,९१,५५८ लोकांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चेन्नई येथील मधुमेह संशोधकांचा सहभाग होता. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला आहे, अशांत आठवड्याला किमान १७५ ग्रॅम मासळी, म्हणजे साधारण दोन वेळचे कालवण, खाणाऱ्यांना पुन्हा झटका येण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. फायदा मुख्यतः तेलकट मासळीचा होता. ज्यांना असा आजार नव्हता, त्यांच्यात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही.

मग निरोगी माणसाने मासळी कशासाठी खावी? अमेरिकेतील हृदयरोग संघटना सर्वच प्रौढांना आठवड्यातून दोनदा मासळी खाण्यास सांगते. त्यामागचे एक मोठे कारण साधे आहे. ताटात मासळी आली की दुसरे काहीतरी बाहेर जाते. वनस्पती तुपात तळलेले, चरबीचे मटण किंवा मिठाचे पुडीतले पदार्थ यांच्या जागी ती येत असेल तर फायदा दुहेरी. पाड्यावर ती ठेचा-भाताच्या जोडीला येणार आहे, म्हणजे जेथे प्रथिनेच नव्हती तेथे ती येते.

मधुमेहाबद्दलही लोक विचारतात. मासळी खाल्ल्याने मधुमेह टळतो असे ठाम म्हणता येईल इतका पुरावा नाही. पण मधुमेह झालेल्या माणसासाठी मासळी हे चांगले अन्न आहे, कारण तिच्यात साखर-पिष्ट नाही आणि पोट भरते. सोबतचा भात मात्र मोजून घ्यावा लागतो.

मग कॅप्सूल का नको?

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे येते. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ साली आला. निम्म्या लोकांना रोज एक ग्रॅम माशाच्या तेलाची कॅप्सूल दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सारे मिळून पाहिले तर दोन गटांत ठळक फरक आढळला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या १५,४८० रुग्णांवरील अभ्यासातही तेच दिसले. उलट, मोठ्या मात्रेत घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका काही अभ्यासांत आढळला आहे.

याचा अर्थ ज्यांना डॉक्टरांनी कॅप्सूल दिली आहे त्यांनी ती बंद करावी असा नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या रुग्णांना ती औषध म्हणून देतात. ते डॉक्टर ठरवतील. पण निरोगी दिसणाऱ्या पाड्याला कॅप्सूल वाटणे हा पैशाचा चांगला उपयोग नाही. कॅप्सूलमध्ये प्रथिने नाहीत, कॅल्शियम नाही, चव नाही आणि चार घरची माणसे एकत्र बसून ती खात नाहीत. डबा संपला की सवयही संपते.

त्या बंधूंना मी हेच लिहिले. त्यांनी मोठ्या मनाने ती रक्कम मासळीसाठी वापरायला दिली.

आमच्याकडून झालेली चूक

येथे एक कबुली द्यायची आहे. हे सगळे समजण्याच्या दोन वर्षे आधी आम्ही एकदा पावसाळ्यापूर्वी पाड्यावरच्या वृद्धांना सुकी मासळी वाटली होती. माझ्यावर खरेदीची जबाबदारी होती. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून मी खारवलेला बांगडा घेतला. पोती भरभरून. लोकांना फार आवडला. ऑगस्टच्या शिबिरात परिचारिका ताई एकेकाचा रक्तदाब मोजत होत्या. तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर त्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, "या लोकांना मागच्यापेक्षा जास्त बीपी का आहे? काय खातायत?" मी पोत्यातला एक बांगडा आणून दाखवला. त्यांनी तो झटकला तर टेबलावर मिठाचे खडे पडले.

वाढलेले सगळे बीपी त्या माशामुळेच होते असे नाही. काहींच्या गोळ्या संपल्या होत्या. पण ज्यांचे मीठ कमी करायचे त्यांनाच आम्ही मीठ वाटले होते, हे खरे. बायबल कॉलेजात मी देण्याविषयी पुष्कळ शिकले होते. काय द्यावे हे मला त्या टेबलाजवळ शिकायला मिळाले.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे दिवसभराच्या सगळ्या अन्नात मिळून चहाचा एक सपाट चमचा, तोही पूर्ण नाही. खाऱ्या मासळीचा एक मोठा तुकडा यातला बराचसा वाटा एका जेवणातच संपवू शकतो.

म्हणून सुक्या मासळीत फरक ओळखावा. बोंबील वलांडीवर टांगून वाळवतात आणि जवळा उन्हात पसरून वाळवतात. यांत बहुधा मीठ लावलेले नसते किंवा अगदी कमी असते. खारा बांगडा, खारी सुरमई ही मिठात मुरवलेली असते. घेताना जिभेला लावून पाहावे. खारट लागली तर बीपीच्या घरात नेऊ नये.

कोणती, किती, कशी

पाड्यावरच्या बैठकीत आम्ही आता सांगतो ते येथेही देते. आपल्या घरीही उपयोगी पडेल.

तेलकट मासळी: तारली, पेडवे, बांगडा. हृदयासाठी यांचा उपयोग सर्वांत जास्त, आणि पापलेट-सुरमईपेक्षा ती कितीतरी स्वस्त. महाग मासळी म्हणजे जास्त पौष्टिक ही समजूत चुकीची आहे.

प्रमाण: प्रौढाने आठवड्यातून दोनदा. प्रत्येक वेळी शिजलेला, काटा काढलेला भाग तळहाताएवढा.

ताजी मिळत नसेल तर: बिनमिठाचा सुका जवळा किंवा बोंबील. सुक्या मासळीतून पाणी गेलेले असल्याने थोड्या वजनात पुष्कळ प्रथिने मिळतात. तेलकट मासळीइतके ओमेगा-३ यात नाही, पण भात-मिठाच्या ताटाला याने मोठा आधार होतो. जवळा चाळून कोरडाच भाजावा, मग दोन-तीन पाण्यांत धुवावा. बोंबील कोमट पाण्यात भिजवून धुवावेत. कांदा, वांगे, आंबोशी किंवा चिंच घालून कालवण करावे, वरून मीठ घालण्याआधी चाखावे.

गोड्या पाण्यातली मासळी: शेततळ्यातील रोहू, कटला, मृगळ यांत ओमेगा-३ समुद्राच्या तेलकट मासळीपेक्षा कमी असते, पण प्रथिने उत्तम. ओढ्यातले लहान मासे काट्यासकट खावेत.

शिजवण्याची रीत: उकडून, कालवणात, किंवा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर. ही शेवटची रीत आपल्या आदिवासी बंधूंची जुनीच आहे आणि तिला तेल लागत नाही. अमेरिकेतील ६५ वर्षांवरील लोकांच्या एका अभ्यासात, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, भाजलेली मासळी खाणाऱ्यांत पक्षाघात कमी आढळला. तळलेली मासळी वरचेवर खाणाऱ्यांत तो उलट जास्त होता. शुक्रवारी मासळी खाण्याची रीत असलेल्या घरांनीही कढईकडे जरा पाहावे, ही प्रेमाची सूचना.

साठवण: सुकी मासळी ओलसर झाली की बुरशी धरते. कोरड्या डब्यात ठेवावी, उघडीप मिळाली की पुन्हा ऊन द्यावे. बुरशी आलेली फेकून द्यावी, धुऊन खाऊ नये.

कोणी सांभाळून खावे

कोळंबी, जवळा, खेकडे यांनी ज्यांच्या अंगावर पित्त उठते किंवा ओठ सुजतात, त्यांनी ते पुन्हा खाऊन पाहू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती प्रथिने घ्यावीत हे डॉक्टरांना विचारावे. युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजणाऱ्यांनी तारली, पेडवे, जवळा बेताने घ्यावेत. गरोदर बहिणींनी मुशीसारखी दुसऱ्या माशांवर जगणारी मोठी मासळी टाळावी, कारण तिच्या अंगात पारा साठतो. लहान मासळी त्यांना चांगली.

आणि सर्वांत महत्त्वाचे: बीपीची गोळी चालू असेल तर मासळी सुरू केली म्हणून ती बंद करू नये. तंबाखू, मशेरी आणि दारू चालू ठेवून आठवड्यातून दोनदा बांगडा खाल्ला तर बांगडा काही करू शकणार नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाने उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ती तपासणी तेथे मोफत होते, आशाताई घेऊन जातात. आणि कोणाचे तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे जड झाले, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करावा. सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आता आपण काय करत आहोत

त्या बंधूंच्या देणगीतून या वर्षी आगोटीच्या आधी किनाऱ्यावरील कोळी भगिनींकडून थेट जवळा आणि बोंबील घेतले. बिनमिठाचे, वाळू न लागलेले, बांबूच्या मांडणीवर वाळवलेले, असे आधीच सांगून ठेवले होते. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते आणि पाड्यावर लावणीचे कष्ट असतात, तेव्हा हीच मासळी उपयोगी येते. ज्यांना पक्षाघात किंवा हृदयविकार झाला आहे अशा घरांना प्रथम दिली. बाकीच्या घरांनी बचत गटातून अर्ध्या किमतीत घेतली. फुकट सगळ्यांना दिली नाही, कारण पुढच्या वर्षी आपण नसलो तरी ही खरेदी चालू राहिली पाहिजे.

वलगणीच्या दिवसांत अंड्यावरची मासळी काही दिवस धरायची नाही, हे एका पाड्याने बैठकीत आपणहून ठरवले. ते सुचवले त्या मावशींनीच. ते किती पाळले जाईल हे पुढच्या पावसात कळेल.

तो पक्षाघात झालेला भाऊ आता महिन्याला रक्तदाब तपासून घेतो. गेल्या वेळी १३६ आणि ८४ होता. त्याची पत्नी कालवणात मीठ कमी घालते म्हणून तो कुरकुरतो. मी म्हटले, "दादा, चिंच वाढवायला सांगा." तो अर्ध्या तोंडाने हसला. हे अर्धे हसू पाहून आम्हाला आनंदही झाला आणि वाईटही वाटले. त्याचा रक्तदाब दोन वर्षे आधी मोजला असता तर कदाचित ते पूर्ण हसू असते.

आपणांस विनंती

नाताळाला पाड्यावर पाठवायच्या पिशव्यांत आपण फरसाण, बिस्किटे आणि पामतेल घालतो. यंदा त्यातला एक भाग बिनमिठाची सुकी मासळी, तूर किंवा नाचणी यांसाठी ठेवावा. वसई-डहाणू किनाऱ्यावरील मंडळींनी चांगली मासळी सुकवणाऱ्या भगिनींशी आमची गाठ घालून द्यावी. रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे आणखी लागणार आहेत. आणि वैद्यकीय सेवेतील बंधू-भगिनींनी वर्षातला एखादा रविवार शिबिरासाठी द्यावा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठी उभा आहे. रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य किनाऱ्याला येतात, तेव्हा कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी ठेवलेली असते आणि जवळ भाकर असते. पेत्राशी बोलायचे फार मोठे काम पुढे होते. पण प्रभूने आधी त्यांना न्याहारी दिली. तीही कष्टकऱ्यांच्या रोजच्या ओळखीची, निखाऱ्यावर भाजलेली.

आपल्या पाड्यावर वीटभट्टीवरून दमून येणाऱ्या भावा-बहिणींसाठी, त्यांच्या शरीरासाठी आणि घरासाठी प्रार्थना करावी. पुढच्या अंकात पावसाळ्यानंतरच्या शिबिरातले रक्तदाबाचे आकडे, चांगले-वाईट जसे येतील तसे, आपल्यापुढे ठेवीन.

आपली प्रभूमध्ये बहीण